संस्थेसाठी पैसा उभा करताना: पावतीपासून प्रकल्प-अर्जापर्यंत

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका देणगीदार काकांचा फोन आला. "पाच हजार दिले होते तुम्हाला. सर्टिफिकेट आलंय, पण त्यावरचा पॅन माझा नाही." तपासलं तर पावती फाडताना आमच्याच कार्यकर्त्याने पॅनचं एक अक्षर चुकवलं होतं आणि पुढे आयकर खात्याच्या विवरणातही तेच गेलं होतं. दुरुस्ती केली, नवं सर्टिफिकेट पाठवलं, माफी मागितली. काका सभ्य होते, काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र त्यांची देणगी आली नाही. त्याच दिवसांत आम्ही एका मोठ्या निधीसाठी बत्तीस पानी प्रस्ताव लिहीत बसलो होतो. तोही नामंजूर झाला.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. छोट्या संस्था माझ्याकडे येतात त्या "सीएसआर कुठून मिळेल?" हा प्रश्न घेऊन; सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च. मी आधी पावती पुस्तक बघायला मागतो. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय. आठ-दहा लाखांपासून तीस-चाळीस लाखांपर्यंत वार्षिक खर्च असलेल्या, महाराष्ट्रात नोंदलेल्या संस्था डोळ्यांपुढे आहेत.

आधी कपाट उघडा

आपल्याकडे बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. काही नुसत्या ट्रस्ट असतात, काही कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या, म्हणजे नफा न वाटणाऱ्या कंपन्या. पैसे देणारा कुणीही असो, त्याची पहिली मागणी कागदांचीच असते: नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा विश्वस्तपत्र, पॅन, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण या संस्था-नोंदणी पोर्टलचा क्रमांक, आणि सध्याच्या पदाधिकाऱ्यांची यादी.

गाडी अडते ती शेवटच्या कागदावर. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आपण तो "बघू नंतर" म्हणून ठेवतो. मग होतं असं, की धर्मादायच्या परिशिष्ट १ वर (विश्वस्तांच्या नोंदीचा उतारा) अध्यक्ष म्हणून वारलेल्या गृहस्थांचं नाव, बँकेत तिसऱ्याच दोघांच्या सह्या आणि दर्पणवर आणखी निराळी नावं. कंपनीच्या माणसाला यातला कुठला कागद खरा मानायचा ते कळत नाही, आणि तो ते विचारतही नाही; तो पुढच्या संस्थेकडे वळतो. तेव्हा बदल अर्ज आजच टाका. निकाल लागायला वेळ जातो, पण अर्जाची पोच आणि ठरावाची प्रत हाताशी असली तर निदान बोलता येतं.

आयकराच्या बाबतीत एक सांगून ठेवतो. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. बोलताना अजून सगळे १२ए, ८०जी असंच म्हणतात, मीही इथे जुनीच नावं वापरतोय. अर्ज भरताना चालू क्रमांक सीएकडून पक्के करून घ्या. नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते, ३ वर्षांची. काम सुरू झालं की ६ महिन्यांत, किंवा मुदत संपण्याच्या ६ महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीचा अर्ज करायचा. १२ए आणि ८०जी हे दोन वेगळे अर्ज आहेत आणि दोघांची मुदत एकाच दिवशी संपेल असं नाही. या दोन तारखा मी कार्यालयाच्या भिंतीवर जाड अक्षरात लिहून ठेवायला सांगतो. ८०जी संपलेली असताना "करसवलत मिळेल" असं छापलेली पावती फाडणं ही सरळ फसवणूक होते, मनात नसली तरी.

मग खर्च मांडा, एका मुलापर्यंत

"आम्हाला मदत करा" असं म्हटलं की लोक शंभर-दोनशे देतात. किती हवेत, कशाला हवेत हे सांगितलं की विचार करून देतात. उदाहरणादाखल दोन गावांत संध्याकाळची अभ्यासिका चालवणारी संस्था घेऊ. मुलं ६०.

शिकवणाऱ्या दोन ताई, दरमहा प्रत्येकी ८,००० प्रमाणे वर्षाला १,९२,०००. समन्वयक १५,००० प्रमाणे १,८०,०००. वह्या-पुस्तकं, मुलामागे ८००, म्हणजे ४८,०००. खाऊ, रोज मुलामागे १० रुपये, २४० दिवस: १,४४,०००. प्रवास ३६,०००. खोल्यांचं भाडं आणि वीज ४८,०००. हिशेब आणि ऑडिट ३०,०००. बेरीज ६,७८,०००. साठने भागा: एका मुलामागे वर्षाला ११,३००, महिन्याला साधारण ९४२ रुपये.

हा ९४२ चा आकडा तुमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. त्यात पगार आणि ऑडिट धरलेलं आहे, आणि ते तसंच सांगायचं. "पैसे मुलांवर किती जातात आणि पगारावर किती?" असं विचारणारा एखादा भेटतोच. त्याला मी सांगतो, ताईंचा पगार म्हणजेच मुलांवरचा खर्च. ताई नसतील तर वह्या कोऱ्याच राहतील.

आता यातली वाटणी. वह्या, खाऊ आणि ताईंचं मानधन हे ३,८४,००० एखादी कंपनी किंवा फाउंडेशन आनंदाने देईल. राहिले २,९४,०००: समन्वयक, भाडं, प्रवास, ऑडिट. यासाठी पैसे द्यायला फार थोडे निधीदाते तयार असतात. हे लोकांकडून उभे करायचे. दरमहा ५०० देणारी माणसं हवीत ४९. म्हणजे पहिलं काम ठरलं: पन्नास माणसं.

पन्नास माणसं

यात नवं काही नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्यासाठी वर्षानुवर्षं वर्गणी गोळा केली. त्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी मिळाली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. पण तोवर कर्व्यांची दारोदारची चोवीस वर्षं झाली होती. लोक पंधरा लाखांची गोष्ट लक्षात ठेवतात.

यादी करायला बसा. एक वही, विश्वस्त आणि कार्यकर्ते मिळून सहा-सात जण, प्रत्येकाने तीस नावं लिहायची: शाळेतले मित्र, नोकरीतले सहकारी, नातलग, दवाखान्याचे डॉक्टर, किराणा दुकानदार, निवृत्त शिक्षक. दोनशे नावं होतात. त्यातल्या ज्यांना तुमचं काम आधीच ठाऊक आहे त्यांच्यापुढे खूण करा. मागायला आधी त्यांच्याकडेच जायचं. आपण नेमके उलटं करतो: ओळखीच्यांपुढे हात पसरायला संकोच वाटतो म्हणून अनोळखी श्रीमंतांच्या मागे लागतो.

आणखी एक अडचणीची गोष्ट. विश्वस्तांनी स्वतः किती दिले? विश्वस्त मंडळातले सातही जण दरमहा काही ना काही देत असतील, मग ते दोनशे का असेनात, तर मागताना आवाज बदलतो. देत नसतील तर समोरच्याला ते बरोबर कळतं.

मागणं असं असावं: "मावशी, आमच्या अभ्यासिकेत साठ मुलं आहेत. एका मुलाला महिन्याला ९४२ रुपये लागतात. तुम्ही वर्षभर दरमहा पाचशे देऊ शकाल का?" आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड जातं. आपण लगेच "नाही जमलं तरी चालेल हं, शंभर दिले तरी पुरे" असं बोलून आपलंच मागणं पाडतो. मावशींना विचार करू द्या. त्या "बघते" म्हणाल्या तर "पुढच्या रविवारी फोन करू का?" असं विचारा आणि रविवारी खरंच करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड सोडून देणं म्हणजे मागणं नव्हे. संदेश माणसाच्या नावाने लिहिलेला असावा आणि त्यात एकच गोष्ट असावी. कालच्या खेपेला वैष्णवी पहिल्यांदा मोठ्याने वाचायला उभी राहिली, एवढंच पुरतं. मुलीचं खरं नाव आणि फोटो मात्र पालकांच्या लेखी परवानगीशिवाय घालायचा नाही. गरिबीचं रडगाणं करणारे फोटो मी पाठवत नाही. ती मुलं मोठी होतात, आणि ते फोटो पुढेही कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये असतात.

दरमहाच्या देणगीसाठी बँकेची स्थायी सूचना किंवा यूपीआयची ऑटोपे सोय करून द्या, आणि ती देणगीदाराच्या शेजारी बसून करून द्या. "मी करते घरी जाऊन" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांकडून ते राहूनच जातं.

पावती

पावतीवर छापील अनुक्रमांक, संस्थेचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, संस्थेचा पॅन, ८०जीचा क्रमांक आणि तारीख; देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, पॅन, रक्कम, पैसे कसे आले, आणि कशासाठी आले. ही शेवटची ओळ बरेच जण सोडतात. देणगी सर्वसाधारण कामासाठी आहे, ठरावीक प्रकल्पासाठी आहे की कायम निधीसाठी (मूळ रक्कम खर्च न करता राखून ठेवायची), हे आयकराच्या विवरणातही लिहावं लागतं. कायम निधीसाठी असेल तर देणगीदाराचं तसं लेखी पत्र घ्या. पत्राशिवाय ती कायम निधीत टाकली तर ऑडिटच्या वेळी फजिती.

पॅन लिहून घेताना तोंडी ऐकू नका, कार्डाचा फोटो मागा. बी आणि डी फोनवर सारखेच ऐकू येतात. आमचा घोटाळा तिथेच झाला होता.

८०जीचे नियम देणगीदारांना खरे सांगा. साधारण संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर वजावट नाही. तांदूळ, कपडे, संगणक अशा वस्तूंवर वजावट नाही. पुष्कळ पगारदार आता नव्या करप्रणालीत आहेत; त्यांना ८०जीचा काही उपयोग नाही. तरी ते देतात, हा माझा अनुभव. करसवलत ही देणगीवरची कोथिंबीर समजा.

आर्थिक वर्षात आलेल्या देणग्यांचं विवरण, म्हणजे १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचं, आणि त्यावरून निघणारं १०बीई हे प्रमाणपत्रही तोवर देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं आणि वर दंडाचीही तरतूद आहे. त्यासाठी मे महिन्यात रात्री जागू नका. दर महिन्याच्या ५ तारखेला मागच्या महिन्याच्या पावत्या एका एक्सेल फायलीत चढवा आणि बँकेच्या नोंदींशी जुळवा. निनावी देणग्यांपासून सांभाळून: सेवाभावी संस्थेला वर्षात मिळालेल्या निनावी देणग्या १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातल्या मोठ्या आकड्याच्या वर गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. कार्यक्रमात पेटी फिरवायची असेल तर शेजारी वही ठेवा आणि नावं लिहून घ्या.

आणि आभार. पावती दोन दिवसांत, फोन आठवड्यात, आणि सहा महिन्यांनी एक पानाचं पत्र, ज्यात काहीही मागितलेलं नाही.

कंपन्यांचा सीएसआर

कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. कामं परिशिष्ट ७ मध्ये बसणारी हवीत; शिक्षण, आरोग्य, पाणी, उपजीविका सगळं त्यात आहे. बाहेरच्या स्वतंत्र संस्थेला पैसे द्यायचे तर तिच्या कामाची तीन वर्षं झालेली हवीत, १२ए आणि ८०जी हवी, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरलेल्या सीएसआर-१ अर्जाचा क्रमांक हवा. तो १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे.

मोठ्या नावांच्या मागे सगळेच धावतात. नफा ५ कोटींच्या वर गेलेली, चाकण, वाळूज, बुटीबोरी किंवा तुमच्या जवळच्या एमआयडीसीतली सुट्या भागांची कंपनी शोधा. कायदाच सांगतो की कंपनीने आपल्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं. अशा कंपनीत सीएसआरसाठी वेगळा माणूस नसतो, काम एचआर किंवा लेखा विभागाकडे असतं, आणि वर्षअखेर जवळ आली की त्यांनाही विश्वासाची संस्था हवी असते. सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीने कुठल्या जिल्ह्यात कशावर खर्च केला हे दिसतं. एक दुपार त्यावर घालवा, दहा नावं निघतील.

पहिल्या भेटीला प्रस्ताव नेऊ नका. दोन पानं न्या: काम काय, कुठे, किती मुलं, खर्च किती, गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च. आणि त्यांना अभ्यासिकेत बोलवा, संध्याकाळी सहा वाजता, काम चालू असताना. सजावट नको, सत्कार नको, नारळ-शाल तर नकोच.

एका गैरसमजाने संस्थांचं फार नुकसान होतं. "नियमाने प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही," असं कंपनीचा माणूस सांगतो आणि आपण समन्वयकाचा पगार अंदाजपत्रकातून काढून टाकतो. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरची आहे. काम करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च त्यात येत नाही, हे मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलेलं आहे. त्या पानाची प्रत सोबत ठेवा आणि नम्रपणे पुढे करा. कंपनीने तरीही नाही म्हटलं तर तो तिचा निर्णय, पण नियमाचं नाव पुढे करून नव्हे.

करार वाचताना हप्ते बघा. पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी मिळणार की नंतर? दुसरा कशावर अवलंबून आहे? कंपनीने जूनचा हप्ता सप्टेंबरमध्ये दिला तर ताईंचे तीन महिन्यांचे पगार कुठून होणार, याचं उत्तर सही करण्याआधी हवं. या प्रकल्पाचा हिशेब वेगळ्या खातेवहीत ठेवा. एकाच बिलाचा खर्च दोन निधीदात्यांना दाखवणं हा छोट्या संस्थांचा सगळ्यात घातक दोष आहे, आणि तो बहुतेकदा लबाडीने नाही, गोंधळाने होतो. प्रत्येक बिलावर प्रकल्पाचा शिक्का मारा.

फाउंडेशनकडे अर्ज

इथे अर्ज वाचणारा माणूस मुरलेला असतो. त्याला "सर्वांगीण विकास" आणि "सक्षमीकरण" या शब्दांचा कंटाळा आलेला असतो. त्याला हवं असतं: आज काय परिस्थिती आहे, तुम्ही नेमकं काय करणार, वर्षाअखेर काय बदललेलं दिसेल, आणि ते तुम्ही कसं मोजणार. "मुलांची गुणवत्ता वाढेल" असं न लिहिता असं लिहा: "जूनमध्ये ६० पैकी २२ मुलं दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचू शकत होती. मार्चपर्यंत ४५ मुलं वाचतील असं उद्दिष्ट आहे. दर तीन महिन्यांनी चाचणी." हे लिहायचं तर जूनमध्ये चाचणी घेतलेली हवी. अर्जाची तयारी ती अशी, आदल्या वर्षीच सुरू होते.

अर्जात शक्यतो एक अपयशही लिहा. दुसऱ्या गावात पहिलं वर्ष मुलं टिकली नाहीत, कारण वेळ म्हशींच्या धारेची होती. वेळ बदलली, मुलं आली. असं वाचलं की समोरच्याला कळतं, हे लोक तिथे खरंच जातात.

नकार आला तर कारण विचारणारी एक छोटी मेल पाठवा. दहात तीन जण उत्तर देतात.

परदेशातला भाचा

मराठी संस्थांना हा प्रश्न हमखास पडतो. न्यू जर्सीतला भाचा पैसे द्यायला तयार आहे, घ्यायचे का? त्याचा पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्ट असेल, तर तो अमेरिकेत वीस वर्षं राहिलेला असो की ग्रीन कार्डवाला असो, स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय निधीत धरली जात नाही. पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावा. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असूनही तो कायद्याने परकीय स्रोत ठरतो. मग २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या नियमनाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही, रुपयांत दिला तरी नाही.

त्या नोंदणीसाठी संस्थेला किमान ३ वर्षं झालेली हवीत आणि त्या ३ वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. वर्षाला दोन-तीन लाख परदेशातून येणार असतील तर या सगळ्याच्या नादी लागू नका. तिथे आधीच नोंदणी असलेली आणि तुमच्याच विषयात काम करणारी मोठी संस्था भाच्याला सुचवा.

नको ते पैसे

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने पाचशे दप्तरं देऊ केली. वर कंपनीचं नाव, वाटपाचा कार्यक्रम, फोटो. मुलांकडे दप्तरं होती. शाळेतून मिळाली होती, आणखी एका मंडळाने गणपतीत वाटली होती. खोलीत दिवा मात्र एकच होता आणि पावसाळ्यात वीज जायची. आम्ही लिहून पाठवलं की दप्तरांऐवजी दोन इन्व्हर्टर आणि आठ ट्यूबलाइट हव्यात, खर्च त्याहून कमी येईल, सोबत कोटेशन जोडलंय. महिनाभर उत्तर नाही. मग फोन आला, "इन्व्हर्टरवर आमचा लोगो लावता येईल का?"

लावला.